फॉर्मॅट मारण्यापूर्वी



कवितेच्या माणसाने संगणकावर बोलावे, हे जरा विचित्र वाटेल. माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे, तेही मराठी घेऊन. पण गेली वीसेक वर्षे माझ्या कविता वहीत कमी आणि संगणकात जास्त आहेत. त्यामुळे या यंत्राची दुखणीखुपणी समजून घेणे मला भागच पडले. त्यातल्या एकाच दुखण्याविषयी आज बोलतो. विंडोजचा अपडेट अर्धवट राहतो, संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो किंवा एखादा लांबलचक आकडा दाखवून अडून बसतो. आपण तो उचलून दुकानात नेतो. दुकानदार पाहिल्यासारखे करतो आणि म्हणतो, "फॉर्मॅट मारावा लागेल."

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांना असेच सांगितले गेले. वर दिलासा असा, की "फक्त सी ड्राइव्ह जाईल, बाकी सगळे राहील." ऐकायला बरे वाटते. पण आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो, डॉक्युमेंट्स म्हणतो, ते बहुतेक घरांत त्या सी ड्राइव्हमध्येच असते. लेकीच्या निकाहाचे फोटो, गेलेल्या माणसाचा रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज, सगळे तिथेच. विंडोज पुन्हा मिळते हो, तो आवाज कुठून आणणार?

अपडेट म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू. २००३ सालापासून मायक्रोसॉफ्ट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवते. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. या फायली आधी संगणकात उतरतात. पण ज्या फायली वापरात आहेत त्या बदलता येत नाहीत. धावत्या गाडीचे चाक कोण बदलणार? म्हणून संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होताना ही अदलाबदल होते. मध्येच काही बिनसले, तर विंडोज केलेले बदल मागे घेते. "बदल मागे घेत आहोत" असा मजकूर दिसला की लोक घाबरून बटण दाबतात. दाबू नका. जुन्या हार्डडिस्कवर याला तास-दोन तास लागू शकतात. डिस्कचा बारीक दिवा लुकलुकतोय ना, मग काम चालू आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, आणि विजेचा भरवसा नसेल तेव्हा अपडेटला हातच घालू नका.

अपडेट वारंवार फसत असेल, तर आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. सी ड्राइव्हमध्ये जागा आहे का? पेनड्राइव्ह, प्रिंटर काढून ठेवले आहेत का? आणि तारीख बरोबर आहे का? हसू नका. जुन्या संगणकात मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. ती संपली की संगणक चालू करताच कित्येक वर्षे मागची तारीख दाखवतो, आणि मग समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याला खरे वाटत नाही. किरकोळ पैशांत नवी बॅटरी मिळते. एवढे करूनही जमले नाही, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अपडेटसाठी ट्रबलशूटर आहे, तो चालवावा.

कधी कधी दोष आपल्या संगणकाचा नसतोच. ९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ हा अपडेट आला आणि पुष्कळ घरांत तो ०एक्स८००७०६४३ हा आकडा दाखवून फसू लागला. डिस्कवर दुरुस्तीसाठी राखलेला एक छोटा कप्पा असतो, त्यात या अपडेटला २५० एमबी मोकळी जागा हवी होती. अनेकांकडे त्या कप्प्यात तेवढी मोकळी जागाच नव्हती. मायक्रोसॉफ्टने कप्पा वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. ती म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून डिस्कची वाटणी बदलायची. माझ्या मते घरच्या माणसासाठी हा इलाज रोगापेक्षा जड होता. असा आकडा दिसला की तो जसाच्या तसा लिहून घ्यावा आणि मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर शोधावा. दुसऱ्या कुठल्या नंबरवर फोन लावू नये, आणि "तुमचा संगणक आम्ही दुरून दुरुस्त करतो" म्हणणाऱ्याच्या हाती तर मुळीच देऊ नये.

आता संगणक सुरूच होत नाही, अशी वेळ. लागोपाठ दोन-तीनदा सुरू होणे फसले, की विंडोज आपणहून निळ्या दुरुस्तीच्या पडद्यावर येते. तिथे "अनइन्स्टॉल अपडेट्स" असा पर्याय आहे. शेवटचा अपडेट काढला की बहुतेकदा गाडी रुळावर येते. विंडोजची मोठी नवी आवृत्ती चढवली असेल, तर साधारण १० दिवस जुन्या आवृत्तीवर परतता येते. आणि विंडोज नव्यानेच बसवायची वेळ आली, तरी "माझ्या फायली ठेवा" असा पर्याय असतो. दुकानदाराला तो वापरायला सांगा. त्याआधी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यायलाही सांगा. विंडोज उठत नसली तरी प्रत काढता येते.

"अपडेट बंदच करून टाका" हा सल्लाही कानावर येतो. मार्च २०१७ मध्ये एक दुरुस्ती आली होती. ती ज्यांनी घेतली नव्हती, त्यांच्या संगणकांना त्याच वर्षी १२ मे रोजी पसरलेल्या वॉनाक्राय विषाणूने कुलूप घातले. ब्रिटनमधल्या इस्पितळांची कामे त्याने अडली होती. विंडोज १० चा नेहमीचा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे तिथे अपडेट न येणे हे बिघाडाचे लक्षण असेलच असे नाही.

शेवटची गोष्ट नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी. त्यांतल्या पुष्कळांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. त्या कुलपाचे नाव बिटलॉकर. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही संगणक सुरू होतानाच ४८ आकडी किल्ली मागू लागले होते. ती नसेल, तर आतले फोटो कुठलाही कारागीर काढून देऊ शकत नाही. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात ही किल्ली बहुधा साठवलेली असते. आज लॅपटॉप ठणठणीत चालतोय, तोवरच खाते उघडून ते ४८ आकडे कागदावर उतरवा, आणि तो कागद घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.