गुडघा कुठे ढकलायचा? पेडल स्टील, जुना ऑर्गन आणि लाकडातलं भोक

आजचा भाग एका वाद्याबद्दल आहे, पण वाद्याच्या वरच्या बाजूबद्दल नाही. आज आपण वाकून खाली बघणार आहोत, जिथे गुडघे असतात.

पेडल स्टील गिटार कोणी पाहिली नसेल तर आधी चित्र डोळ्यासमोर आणा. चार पायांवरचं अरुंद टेबल समजा, त्यावर दहा तारा. डाव्या हातात लोखंडी कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हातात नख्या. डावा पाय तीन पेडलवर, उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर. आणि टेबलाखाली, दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला, लोंबणाऱ्या कळा. त्यांना नी-लिव्हर म्हणतात. गुडघ्याने कळ ढकलली की आतल्या दांड्या ओढल्या जातात आणि ठरावीक तार ठरावीक सुराने चढते किंवा उतरते.

आता तुम्ही म्हणाल, कांडी सरकवून कुठलाही सूर मिळतो, मग कळा कशाला? मिळतो, खरंय. पण कांडी सरकली की सगळ्या तारा एकत्र सरकतात. मला सा आणि ग तसेच वाजत ठेवून फक्त प हलवायचा असेल, तर ते काम कळीचं किंवा पेडलचं. 1954 साली वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने सूर वाजत असतानाच पेडल दाबलं आणि तो सरकता आवाज लोकांच्या कानात बसला. गुडघ्याच्या कळा त्यानंतर रुळल्या.

माझ्याकडे आहे ती जुनी, सेकंड हँड. तीन पेडल, चार कळा. दोन वर्षं पगारातून बाजूला टाकलेले पैसे आहेत त्यात. आता पाचवी कळ बसवायची आहे आणि कळीचा ब्रॅकेट खालून लाकडात स्क्रूने बसतो. म्हणजे मेपलच्या लाकडाला भोक. कोडमध्ये काही बिघडलं तर मी मागच्या व्हर्जनवर जातो. लाकडाला कंट्रोल-झेड नसतं. त्यात मामांनी मंडईच्या नाटकात दोन पदांना साथ करायला सांगितलंय. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, आणि गाण्याशिवाय तिथे प्रेक्षक बसत नाही. चूक सूर लागला तर पहिल्या रांगेतली पोट्टी तोंडावर सांगतात.

तर कळ कुठे? आधी आहे ती मांडणी समजून घेऊ. सोप्यासाठी सरगमात सांगतो. माझी ट्यूनिंग ई-नाइन्थ आहे, ई ला सा धरा. उघड्या तारांत सा, ग, प मिळतातच. पहिलं पेडल, ए, प चा ध करतं. दुसरं, बी, ग चा म करतं. दोन्ही दाबले की सा-म-ध, म्हणजे अख्खी कॉर्डच बदलली. डाव्या गुडघ्याने डावीकडे ढकललं की सा चढून कोमल रे होतो. उजवीकडे ढकललं की सा उतरून नी होतो.

सा एकाच वेळी चढू आणि उतरू शकत नाही, म्हणून या दोन्ही कळा एकाच गुडघ्याच्या दोन बाजूंना चालतात. हे लगेच पटतं. पण चढवणारी डावीकडेच का? कारण ती कळ बहुतेक वेळा ए पेडलसोबत लागते. दोन्ही मिळून तीन घरं वर तीच मूळ कॉर्ड पुन्हा सापडते. सात घरं वर ए आणि बी दाबून ती तिसऱ्यांदा सापडते. माझ्या मांडणीत ए पेडल सगळ्यात डावीकडे. बी सोडून फक्त ए दाबायचं तर पाऊल डावीकडे कलतं आणि गुडघा आपसूक त्याच्या मागे जातो. जिथे जातो, तिथेच कळ टांगलेली.

ही मांडणी बडी एमन्सच्या नावाने ओळखली जाते. जिमी डे नावाच्या वादकाची मांडणी बरोबर उलटी: पेडल सी-बी-ए असे, आणि सा चढवणारी कळ उजवीकडे. लोक यावर भांडतात, पण मला तर दोघांचं म्हणणं एकच वाटतं. पाऊल कलेल तिकडे कळ. कुणाचा तक्ता डाउनलोड करून तसाच बसवण्याआधी हे कलणं आपल्या पायात बघा.

आता मामांकडे येतो. त्यांनी तरुणपणी ऑर्गन वाजवलाय, खरा, भात्याचा. आमच्याकडे हल्ली कीबोर्डलाही ऑर्गनच म्हणतात, म्हणून 'खरा' म्हटलं. संगीत नाटकाच्या मोठ्या काळात हाच ऑर्गन रंगमंचासमोर असायचा. बालगंधर्वांच्या साथीला हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा, हे नाव वाचूनच मामा कान पकडतात. त्या ऑर्गनच्या खाली वाकून बघितलंय का कधी? दोन पायटे, आळीपाळीने दाबत राहायचे, नाहीतर हवा संपली, सूर संपला. आणि बऱ्याच ऑर्गनला गुडघ्यांपाशी दोन लाकडी कळा. उजवी बाहेर ढकलली की आतली झडप उघडून आवाज मोठा होतो. डावी ढकलली की सगळे स्टॉप एकदम बोलू लागतात.

मी मामांना विचारलं, गुडघ्यालाच का हो कळ दिली? ते म्हणाले, "भाच्या, हात पट्ट्यांवर, पाय भात्यावर. मंग काय नाकानं दाबशील?"

हसलो, पण घरी येऊन विचार करत बसलो. ऑर्गनच्या कळा बाजूला ढकलायच्या असतात, वर उचलायच्या नसतात. कारण पायटा मारताना गुडघा सारखा वर-खाली होतच असतो. ती दिशा आधीच कामाला जुंपलेली. मोकळी दिशा फक्त आडवी, म्हणून कळ आडवी.

माझ्या पाचव्या कळीचा प्रश्न नेमका इथेच अडकला होता. मला हवी आहे प उतरवणारी कळ, म्हणजे प चा तीव्र म. ही कळ बरेच जण डाव्या गुडघ्याच्या वर बसवतात, गुडघा उचलून दाबायची. उघड्या तारांवर ते छान चालतं. पण हीच कळ ए पेडलसोबत नीट जुळवली, तर ध अर्धा उतरून कोमल ध मिळतो, बाकी तारा वाजत असतानाच. आणि मामांनी दिलेल्या दोन पदांतलं एक भैरवीतलं आहे! तिथे कोमल ध पावलोपावली. म्हणजे चवड्याने पेडल खाली दाबायचं आणि त्याच पायाचा गुडघा वर उचलायचा. टाच उचलून ते जमतं, उंच माणसाला सहज जमतं. माझी उंची पाच फूट चार इंच. टाच पूर्ण उचलली तरी गुडघा दोन बोटं वर येतो, आणि तेवढ्यात पोटरी थरथरते.

मग भोक पाडण्याआधी मी पंधरा दिवस पुठ्ठ्याची कळ लावली. पुठ्ठा, रबरबँड, मास्किंग टेप. तार हलत नाही, फक्त पायाला सवय होते का ते बघायचं. रोज तेच पद, आधी कळ गुडघ्याच्या वर, मग उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला. उजव्या गुडघ्यात वेगळी अडचण आहे: तो पाय आवाजाच्या पेडलवर असतो. गुडघा हलला की पाऊल हलतं, पाऊल हललं की आवाज वर-खाली. कानाला हे चटकन कळत नाही, म्हणून रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म मोठा करून बघितला. गुडघा बाहेर, उजवीकडे ढकलताना आवाज स्पष्ट खचत होता. आत, डावीकडे ढकलताना जवळजवळ सरळ रेघ. माझ्या पायाचं हे असं आहे, तुमचं तुम्ही मोजा. आणि मोजताना खुर्ची एकच ठेवा. मंडपातली प्लास्टिकची खुर्ची आणि घरची खुर्ची यात दीड इंचाचा फरक निघाला. त्या दीड इंचात कळ मांडीला लागते की गुडघ्याला, हे बदलतं.

शेवटी ठरलं ते असं. प उतरवणारी कळ उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे डावा पाय ए पेडलवर निवांत राहतो. तिथे आधी जी कळ होती, वरच्या रे ला ग कडे चढवणारी, ती डाव्या गुडघ्याच्या वर गेली. ती मला क्वचित लागते आणि लागते तेव्हा पेडल दाबलेलं नसतं. बऱ्याच वादकांना ही अदलाबदल खटकेल. देशी कंट्री वाजवणारे असते तर मीही अशी केली नसती, त्यांना ती वर चढणारी कळ दर दोन ओळींत लागते.

एक गोष्ट मात्र भंडाऱ्यात राहण्याचा फायदा म्हणून सांगतो. वरची कळ माझ्या गुडघ्यापासून लांब पडत होती. तिचं टोक लांबवायला बाहेरून सुटा भाग मागवला असता तर महिना गेला असता. आपलं गाव पितळेच्या भांड्यांचं. एका कारागिराकडे पुठ्ठ्याचा साचा घेऊन गेलो, त्यांनी जाड पत्र्याची जीभ कापून, कडा घासून, दोन भोकं पाडून दिली. विचारलं, हे कुठल्या भांड्याचं? म्हटलं, गुडघ्याचं. त्यांनी अजून एकदा कडा घासून दिल्या, पँट फाटू नये म्हणून.

रविवारी ड्रिल मारलं. ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळली होती, म्हणजे भोक वरपर्यंत आरपार जाणार नाही. चार स्क्रू बसले. आता कळीचा थांबा जुळवतोय, कोमल ध अजून केसभर चढा लागतोय. मंडईला पाच आठवडे आहेत.

तुमच्यापैकी कोणाच्या वाड्यात, देवळात, शाळेच्या अडगळीत जुना ऑर्गन पडला असेल तर जरा खाली वाकून त्याच्या कळा बघा. मूळच्या जागेवर आहेत की कोणी हलवल्यात? फोटो पाठवा, पुढच्या भागात बोलू.