दसऱ्याचा झेंडू, पिनरच्या कुंडीतला

आज गप्पा कुंडीतल्या फुलांच्या. ज्यांनी आजवर एकही रोप लावलेलं नाही, भाड्याच्या घरात राहतात, ज्यांच्याकडे बाग म्हणजे मागचं चार फरशांचं अंगण किंवा फ्लॅटची बाल्कनी आहे, त्यांच्यासाठी खास.

नवशिक्यांचं एक ठरलेलं असतं. मेमध्ये ऊन पडलं की शनिवारी गार्डन सेंटरमध्ये जायचं, दिसेल ते सुंदर फूल ट्रॉलीत टाकायचं, आणि ऑगस्टपर्यंत त्यातलं निम्मं वाळवायचं. माझं म्हणणं साधं आहे. पहिल्या वर्षी दहा प्रकारची फुलं नकोत. एकच फूल घ्या, तीन कुंड्या घ्या, आणि एक तारीख धरा. फूल झेंडूचं, तारीख दसऱ्याची.

मी कन्सल्टिंगमध्ये आहे, त्यामुळे तारीख मिळाली की उलटं मोजायची सवय आहे. आमच्याकडे गो-लाइव्हचा दिवस आधी ठरतो आणि कामं मागून ठरतात. यंदाचा गो-लाइव्ह २० ऑक्टोबर, वार मंगळवार. म्हणजे सुट्टी नाही. सकाळी तोरण बांधायचं, लॅपटॉपला हळदकुंकू आणि फूल वाहायचं आणि मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी पकडायची. त्या घाईत आदल्या दिवशी वेम्बलीला ईलिंग रोडवर फुलं शोधत फिरणं किती जणांना जमतं? मग कपाटातलं प्लास्टिकचं तोरण निघतं. ते वाईट आहे असं नाही. पण दारातल्या कुंडीतून खुडलेल्या फुलांचा वास हाताला दिवसभर राहतो, आणि मुलांना दसरा म्हटलं की पुढे तोच आठवतो.

आता यंदाची अडचण. गेल्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो १८ दिवस पुढे गेलाय. महाराष्ट्रात त्याने फारसं बिघडत नाही, इथे बिघडतं. पुण्यात वर्षातला सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. इथे २१ जूनला साडेसोळा तासांहून जास्त उजेड असतो आणि २० ऑक्टोबरला तो साडेदहा तासांवर येतो. उजेड कमी, रात्री थंड, आणि झेंडूला दहिवर अजिबात सोसत नाही. एका रात्रीत पानं काळी पडतात. म्हणूनच कुंडी. वाफ्यातलं रोप जागचं हलत नाही. कुंडी मात्र सप्टेंबरमध्ये उन्हात सरकवता येते, पावसात छपराखाली घेता येते, आणि फार गारठा असेल त्या रात्री पोर्चमध्ये आणता येते. शिवाय घर बदललं तर कुंडी आपल्याबरोबर येते.

कुंडीचं दुसरं कारण आपल्या पायाखाली आहे. पिनर, हॅरो भागातली बरीचशी माती चिकण. हिवाळ्यात चिखल, उन्हाळ्यात वीट. ती खणून कुंडीत भरू नका, पाणी तुंबतं. दुकानात ‘मल्टीपर्पज कंपोस्ट’ म्हणून पिशवी मिळते ती घ्या. आपल्याकडे कंपोस्ट म्हटलं की खत, जे मातीत मूठभर मिसळायचं. इथल्या पिशवीतलं कंपोस्ट म्हणजे कुंडी भरायचं मिश्रण, त्यात दुसरी माती लागत नाही. हल्ली बरंचसं पीटविरहित असतं. ते वरून लवकर कोरडं दिसतं आणि आतून ओलं असतं. त्यामुळे नुसतं बघून पाणी घालायचं नाही. बोट दोन पेरं आत घालायचं. कोरडं लागलं तर भरपूर पाणी, ओलं लागलं तर उद्या.

कुंडी कोणती? दहा-बारा इंच तोंडाची, तितकीच खोल, आणि बुडाला भोकं असलेली. एवढीच अट. पाच किलो दह्याच्या रिकाम्या बादल्या आपल्या घरांत साठलेल्या असतातच. बुडाला चार-पाच भोकं पाडली की एका बादलीत एक रोप सुखाने राहतं. मोठ्या कुंडीत तीन लावा. बुडाशी खापऱ्या किंवा दगड घालायची गरज नाही. त्याने निचरा सुधारत नाही, मुळांची जागा मात्र जाते.

जागा उन्हाची हवी, दिवसाला निदान सहा तास. तुमची बाल्कनी उत्तरेला असेल तर झेंडूचा हट्ट धरू नका. बिगोनिया लावा, तो सावलीत खुशाल फुलतो.

आता बी घेताना सांभाळा, कारण दुकानात नावांचा घोटाळा आहे. ‘पॉट मॅरीगोल्ड’ लिहिलेलं पाकीट दिसलं की वाटतं, कुंडीतला झेंडू तो हाच. तो झेंडू नव्हेच, ते कॅलेंड्युला, वेगळंच फूल. आपल्याला हवा ‘आफ्रिकन मॅरीगोल्ड’, म्हणजे तोरणातला मोठा, गच्च पाकळ्यांचा, केशरी-पिवळा गोंडा. ‘फ्रेंच मॅरीगोल्ड’ म्हणजे छोटा, बहुधा लालसर-तपकिरी छटेचा. आफ्रिकन जातींत ‘क्रॅकरजॅक’ उंच वाढतो, त्याला काठीचा आधार लागतो. कुंडीसाठी ‘अँटिग्वा’ किंवा ‘इन्का’सारखी बुटकी जात बरी. नवशिक्यांनी दोन कुंड्या आफ्रिकन आणि एक फ्रेंच ठेवावी. मोठा गोंडा पावसाचं पाणी धरून कुजतो, फ्रेंच तेवढ्याने हार खात नाही.

गावाहून बी आणू का, असं खूप जण विचारतात. ब्रिटनमध्ये बाहेरून रोपं आणि बियाणं आणण्याचे नियम कडक आहेत, बऱ्याच वेळा वनस्पतींच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. मावशीच्या निर्माल्यातलं बी बॅगेत टाकण्याआधी नियम वाचा. इथलं पाकीट सोपं पडतं.

आणि गंमत म्हणजे हा झेंडू ना आफ्रिकेचा, ना फ्रान्सचा, ना मुळात आपला. तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. पोर्तुगीजांच्या काळात तो आपल्याकडे आला असं मानतात. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला, गेलेल्या माणसांच्या आठवणीचा सण असतो, तेव्हा हीच फुलं वाहतात. आपण मात्र त्याला इतकं आपलं केलं की त्याच्याशिवाय दसऱ्याचं दार ओकंबोकं वाटतं.

आता वेळापत्रक. कागद-पेन घ्या.

पहिली तुकडी गणपतीची. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. त्यासाठी बी पेरत बसू नका, गार्डन सेंटरमधून छोटी रोपं आणा. ती बाहेर कधी ठेवायची याची खूण आपल्या गावातच आहे, पिनरची जत्रा. स्प्रिंग बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी ती भरते. तिची सनद १३३६ सालची, तिसऱ्या एडवर्ड राजाची. यंदा जत्रा येत्या बुधवारी, २७ मेला. हाय स्ट्रीटवर पाळणे लागले की समजा, दहिवराचं भय सरलं, आता झेंडू बाहेर. आधी आठवडाभर दिवसा बाहेर, रात्री आत असं करून रोपांना हवेची सवय लावा.

दुसरी तुकडी दसऱ्याची, बियांपासून. आफ्रिकन झेंडू पेरल्यापासून फुलायला साधारण दहा ते चौदा आठवडे घेतो. सप्टेंबरमध्ये उजेड उतरतो आणि वाढ मंदावते, म्हणून दोन आठवडे जास्त धरा. आणखी दोन आठवडे पावसापाण्यासाठी हाताशी ठेवा. २० ऑक्टोबरपासून मागे मोजत गेलं की आपण येतो जूनच्या मध्यावर. अधिक महिना १५ जूनला संपतोय. अधिकात नवं कार्य काढू नये म्हणणाऱ्यांचीही सोय झाली. १६ जूनला पेरा.

लहान कपात ओलं कंपोस्ट भरा, बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका आणि कप खिडकीत ठेवा. आठवडाभरात कोंब दिसतात. तीन-चार आठवड्यांत रोपाला खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की मोठ्या कुंडीत लावा. तेव्हाच शेंडा खुडा. जिवावर येतं, पण एका शेंड्याच्या जागी दोन-चार फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. ऑगस्ट लागला की खुडणं बंद, नाहीतर कळ्या लांबतात.

पिशवीतल्या कंपोस्टमधलं खत साधारण सहा आठवडे पुरतं. त्यानंतर आठवड्यातून एकदा टोमॅटोचं पातळ खत पाण्यातून द्या. त्यात पालाश जास्त असतं, ते फुलांना मानवतं. नत्र जास्त झालं की नुसती पानं माजतात. जुलैत पाणी बहुधा रोज लागतं. पाऊस पडला तरी बोट घालून बघा, कारण दाट पानांमुळे पाणी कुंडीबाहेरच ओघळतं.

झेंडूचा इथला मोठा शत्रू म्हणजे स्लग, बिनशंखाची गोगलगाय. कोवळं रोप एका रात्रीत संपवते. रात्री टॉर्च घेऊन बाहेर पडा आणि वेचून काढा. मुलांना हे काम फार आवडतं. जुन्या शेडमध्ये मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा डबा सापडला तर वापरू नका. एप्रिल २०२२ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये त्या बागेत वापरायला बंदी आहे.

पहिल्या तुकडीची सुकलेली फुलं खुडत राहा. फूल बी धरायला लागलं की झाडाला वाटतं काम झालं, आणि कळ्या कमी होतात. गणपतीनंतर दुसरी तुकडी घराच्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीशी, छपराखाली सरकवा. घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे, तेव्हापासून रात्रीचा हवेचा अंदाज बघत जा.

फुलं किती लागतील? इथलं दार सुमारे तीन फुटांचं. फूल, पान, फूल असं ओवलं तर पंधरा फुलं पुरतात. तीन कुंड्यांत नऊ रोपं, प्रत्येकाची दोन फुलं मिळाली तरी देवाला वाहायला उरतात. सगळी एका दिवशी उमलणार नाहीत. आधी उमललेली तीन-चार दिवस डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवता येतात, फक्त कोरडी ठेवा.

शेवटी एक गोष्ट, विशेषतः ज्यांच्याकडे आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात त्यांच्यासाठी. आपण दोघं कामावर, मुलं शाळेत. घरात त्यांना दिवस खायला उठतो. “मी काय करू?” असं ते विचारत नाहीत, पण दुपारी तीनलाच खिडकीत उभे असतात. माझी आई नाशिकची. इथली बस, इथलं दुकान, इथली भाषा, सगळ्यात तिला कुणाला तरी विचारावं लागतं. कुंडीपाशी मात्र आम्ही तिला विचारतो. पाणी घालू का, शेंडा खुडू का, ही कळी राहील का. शेजारच्या इंग्लिश आजी कुंपणावरून झेंडूबद्दल बोलतात, आई हातवारे करून उत्तर देते, आणि दोघींचं छान चालतं. म्हणून कुंड्या तुम्ही आणा, पिशव्या तुम्ही उचला, पण पाण्याची झारी त्यांच्या हातात द्या. त्या परत जाणार असतील तर जाण्याआधी बी कसं धरायचं ते मुलांना त्यांच्याकडून शिकून घ्यायला सांगा. फूल झाडावरच पूर्ण वाळू द्यायचं, मग आतल्या काळ्या बारीक काड्या कागदी पाकिटात घालून त्यावर वर्ष लिहायचं. संकरित जातींचं बी पुढच्या वर्षी हुबेहूब तसं येत नाही, पण झेंडू येतो.

तर मंडळी, या आठवड्यात करायचं काम एकच. दारात किंवा बाल्कनीत ऊन किती तास राहतं ते शनिवारी मोजा. जागा ठरली की कुंड्या, आणि जत्रेनंतर रोपं. बाकीचं आपण १६ जूनपासून बघू. नमस्कार.