झेंडा आणि घर

मंडळी, 2022 सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. घरोघर तिरंगा लावायचा होता. आमच्या आळीत दोन भावांचे घर आहे. घर वडिलार्जित, वाटणी झालेली नाही. थोरल्याने झेंडा बांधायला घेतला. धाकटा म्हणाला, "ही भिंत माझी." ओढाताण झाली आणि झेंडा मातीत पडला.

दोघेही ओशाळले. आम्ही झेंडा उचलला, झटकला. कड फाटली होती. फाटका झेंडा लावू नये, असा नियम आहे. म्हणून नीट घडी करून ठेवला.

राखीला आलेली त्यांची बहीण ओट्यावर बसून सारे बघत होती. आम्ही विचारले, "अरे, हिचा वाटा कुठला?"

"तिचं लग्नात झालं सगळं," दोघे एकदम बोलले. इथे मात्र एकमत बरं का! झेंडा पडला तेव्हा खाली गेलेल्या माना आता ताठ होत्या.

2005 साली हिंदू वारसा कायदा बदलला. अशा न वाटलेल्या वडिलार्जित घरात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, लग्न झाले तरी. भावांनी वाटणी काढीपर्यंत तिने थांबावे, हे जुने कलमही तेव्हाच गेले. वाटा सोडायचा तर तिने राजीखुशीने सोडावा. त्याचे हक्कसोडपत्र नोंदवावे लागते.

धाकटा म्हणाला, "कागद तयार आहे, गुरुजी. अंगठा तेवढा राहिलाय."

"बाई, वाचलास का कागद?"

"मला कुठं वाचता येतंय, गुरुजी?"

संध्याकाळी आम्ही तो कागद तिला दोनदा वाचून दाखवला. तिने अंगठा दिला नाही.