किती कॉलेजं भरायची?

फिजिशियन असिस्टंटचा भारतातला पहिला अभ्यासक्रम १९९२ साली चेन्नईत सुरू झाला. २०२१च्या कायद्याने या पेशाला मान्यताही मिळाली. मग मुंबईतल्या बोरिवली-मुलुंडच्या घरांत प्रश्न पडतो: या अभ्यासक्रमाला किंवा फिजिओथेरपीला अर्ज किती करायचे?

खासगी आणि अभिमत विद्यापीठांत प्रत्येक अर्जाचं शुल्क वेगळं, म्हणून तिथे हात आखडता घ्यावा. फिजिओथेरपीसाठी मात्र राज्याच्या सीईटी (प्रवेश परीक्षा) कक्षाचा पसंतीक्रम एकच. गुणवत्तेनुसार यादी वरून खाली तपासली जाते. खालच्या पर्यायांमुळे वरचा हुकत नाही. तिथे कंजुषी कशाला? फक्त प्रवास बघा. मुलुंडहून शीवच्या कॉलेजला थेट लोकल, नायर कॉलेजला जायचं तर दादरला गाडी बदला, तीही ऐन गर्दीत! जिथे मिळूनही जाणार नाही, ते कॉलेज भरूच नका.