कारखान्यातून निवृत्त, आता नवे घर

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे आकुर्डी, भोसरी करत कारखाने थेट चाकणपर्यंत पसरले. भोंग्याच्या ठोक्यावर आयुष्य काढलेल्या तिथल्या सुरुवातीच्या कामगारांनी आता ऐंशी ओलांडली आहे. मुले पाळीत किंवा परदेशात. काहींना वृद्धाश्रमाचा आधार घ्यावा लागतो.

तिथे रुळायला वेळ लागतो. आजोबांना जागा आधी दाखवावी, त्यांचे मत विचारावे. ‘चार दिवसांसाठी’ म्हणून फसवून नेले, तर तुटलेला विश्वास सहज जुळत नाही. नेहमीची गोधडी, रेडिओ, देवाची तसबीर सोबत हवीच. औषधांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून व्यवस्थापकांकडे द्यावी.

पेन्शनचे काम मागे पडू देऊ नये. ईपीएस-९५ पेन्शनधारकाचा हयातीचा दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. नोव्हेंबरचीच वाट पाहावी लागत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो, म्हणजे थकलेल्या माणसाला बँकेच्या रांगेत उभे करण्याची गरज नाही.

आणि भेटी थांबवू नयेत. सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणे हा २००७ च्या कायद्याने गुन्हा आहे. निर्वाहभत्त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन निःशुल्क आहे.