पाणी मागणारी करुणा



योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. भर दुपारची वेळ. चालून थकलेले येशू ख्रिस्त शोमरोन प्रांतातील एका गावाबाहेर, विहिरीपाशी बसले आहेत. एक स्त्री एकटीच घागर घेऊन पाणी भरायला येते. ती शोमरोनी आणि येशू यहुदी. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. त्यातून तिचा संसार पाच वेळा मोडलेला, आणि आता ती ज्याच्याबरोबर राहते तो तिचा पती नाही. अशा स्त्रीकडे ख्रिस्त प्यायला पाणी मागतात. उपदेशाला अजून अवकाश आहे. बोलण्याचा आरंभ मागण्याने होतो. ज्या समाजाने पाणवठ्यावरचा विटाळ पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे, त्याला या मागण्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

करुणा म्हटली की देणारा हात वर आणि घेणारा हात खाली, असेच चित्र आपल्या मनात उमटते. या विहिरीवर मात्र ज्याच्यापाशी देण्यासारखे पुष्कळ आहे, तोच आधी हात पसरतो. जिच्या हातचे कोणी घेत नाही, तिच्या हातचे पाणी मागणे हाच तिचा पहिला सन्मान ठरतो.

या प्रसंगाने एका मराठी विदुषीच्या आयुष्याला वळण दिले. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात घरातले अन्न संपले, तेव्हा पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी अकरा दिवस काढल्याचे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. आईवडील व थोरली बहीण त्या काळात गेली. उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे गेली, १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. पुढे भाऊ गेला. आसामातील सिल्चर येथे दोन वर्षांचाही संसार झाला नाही तोच पती बिपिनबिहारी मेधावी वारले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. परकेपण म्हणजे काय, हे त्यांना कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नाही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करीत होत्या. ज्यांची सावलीही लोक टाळतात, त्यांच्यासाठी इतकी माया कोठून येते, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची ही कथा ऐकायला मिळाली. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे वादळ उठले. मुलींवर धर्मांतराचा प्रभाव पडतो, असा आक्षेप आला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या आक्षेपाला आजही हलके मानू नये. जो घास देतो, त्याच्यासमोर भुकेल्या माणसाची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न प्रत्येक दात्याने स्वतःला विचारण्यासारखा आहे. मदतीची खरी कसोटी एवढीच, की ती घेणारा पुढे स्वतःच्या पायांवर उभा राहतो की दात्याच्या सावलीतच राहतो.

ही कसोटी केडगावला लावून पाहावी. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० अनाथ मुली व तरुण विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून या मुलींना केडगावच्या माळरानावर नेले. तंबू पडले, विहिरी खोदल्या, मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या २,००० च्या घरात गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि अंध मुली बोटांनी वाचू लागल्या.

पण मुक्ती सदनाचे मर्म तेथील अन्नछत्रात नव्हते. या मुली शेतात राबल्या, मागावर बसल्या, शिवणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. १९२४ मध्ये तो ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. ज्यांच्या हातावर कोणी दुरूनच भाकरी टाकली असती, त्याच हातांकडे रमाबाईंनी एवढे मोठे काम मागितले. विहिरीवरचे ते मागणे केडगावात असे खरे झाले.

महाराष्ट्रापासून दूर चालणाऱ्या मराठी शाळेला हे सारे परके वाटू नये. चाकरीसाठी मुलूख सोडून आलेल्या, बाजारात दर विचारतानाही अडखळणाऱ्या कुटुंबांनीच अशा शाळा उभ्या केल्या. तेव्हा परके आपण होतो. साठ वर्षांत आपण घरचे झालो, आणि आता फाटकाबाहेर दुसरे कोणी उभे आहे. बांधकामावर आलेल्या मजुराची मुलगी शेवटच्या बाकावर बसते. तिला गणवेश मिळतो, पुस्तके मिळतात, आणि त्यावर आपले समाधान होते. पण तिच्या गावचे गाणे आपण कधी तिला मागितले आहे का? डबा उघडल्यावर आपल्या मुलाने तिच्या डब्यातला घास मागावा, हे आपल्याला चालेल का? शाळा झाडणाऱ्या मावशींना नावाने हाक मारून, त्यांच्या हातचे पेलाभर पाणी आपण घेतो का?

त्या प्रसंगाचा शेवटही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती स्त्री आपली घागर विहिरीवरच टाकून गावात धावली, आणि तिच्या शब्दावर सारा गाव विहिरीकडे लोटला. जिला चुकवून लोक वाट काढीत असतील, तीच त्यांना वाट दाखवणारी झाली. शाळेच्या पुढच्या वाटचालीत शेवटच्या बाकावरून अशी कितीजण उठून पुढे येतात, त्यावरच या हीरक महोत्सवाचे मोल ठरेल.