एक आड शनिवार



मी पस्तिशीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर. मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे, म्हणजे कणा हळूहळू ताठ करणारा संधिवात. त्यासाठी दर 14 दिवसांनी अडॅलिमुमॅबचं 40 मिलिग्रॅमचं इंजेक्शन मी स्वतःच मांडीत किंवा पोटावर घेतो. वार कसा निवडला, एवढंच आज सांगतो.

सुरुवातीला मी बुधवारी मध्यरात्री घ्यायचो, कारण घर झोपलेलं असायचं. बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. ‘मुलीच्या भावाला काय झालंय?’ हा प्रश्न नको होता. खोका फ्रिजमध्ये भाजीच्या पिशवीखाली लपवायचो. टोचण्याआधी औषध 15 ते 30 मिनिटं बाहेर ठेवायचं असतं. मी गारच टोचायचो, मग जास्त झोंबायचं.

एकदा लग्नाला गावी गेलो. औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं, म्हणजे पाहुण्यांकडे फ्रिज मागायचा आणि कारणही सांगायचं. मी डोसच टाळला. पुढचाही कामाच्या गडबडीत राहिला. काही आठवड्यांनी फजरला उठताना अम्मीचा हात धरावा लागला. ती एवढंच म्हणाली, “छुपाके क्या मिला रे बेटा?”

डॉक्टरांना विचारून वार बदलला. आता एक आड शनिवार, नाश्त्यानंतर. दुसऱ्या दिवशी सुट्टी असते, थकवा आला तर पडून राहता येतं. काही त्रास झालाच तर दवाखाना उघडा असतो, घरचे जागे असतात. ताप असेल, जखम पिकली असेल तर आधी डॉक्टरांना फोन, कारण हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात ती त्यासाठीच.

रमजानचं काय? पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असा ठराव आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 साली जेद्दाहला केला. तरी मन मानत नसेल तर इफ्तारनंतर घ्या, पण चुकवू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. त्यांनी रमजान लागण्याआधीच डॉक्टरांना भेटावं.

बहिणीचं एक स्थळ माझ्या आजारावरून परत गेलं, हे खरं आहे. पुढच्यांना आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं. आज तिच्या सासरच्या फ्रिजमध्ये माझा खोका दुधाशेजारी राहतो.

तेव्हा वार निवडताना ‘कोण बघेल?’ हे विचारू नका. ‘कोणत्या वारी चुकणार नाही?’ एवढंच विचारा.